दहा मिनिटं कुणी खाल्ली?

आधी एक सोपं गणित. एक काम ६ जण मिळून ६ तासांत करतात. तेच काम ७२ जणांना दिलं तर किती वेळ लागेल? माणसं बारापट झाली. ६ तासांची मिनिटं ३६०, भागिले १२, उत्तर ३० मिनिटं. वहीत लिहा, बाई बरोबरची खूण करतील.

आता खरी गंमत ऐका. अँड्रॉइड बनवणाऱ्या गूगल कंपनीने इंजिनिअर लोकांसाठी एक माहिती देऊन ठेवली आहे. सगळं अँड्रॉइड अगदी पहिल्यापासून ‘बांधायचं’, म्हणजे लिहिलेल्या ओळींमधून चालण्याजोगं तयार करायचं असेल, तर ७२ कोअरच्या संगणकाला साधारण ४० मिनिटं लागतात आणि ६ कोअरच्या संगणकाला साधारण ६ तास. मेमरी दोघांचीही जवळपास सारखीच, ६४ जीबी. कोअर म्हणजे प्रोसेसरमधला एक स्वतंत्र कामगार, सध्या एवढं पुरे.

आपलं उत्तर होतं ३०. प्रत्यक्षात लागली ४०. मधली १० मिनिटं गेली कुठे? संगणक चहा प्यायला उठत नाही, शेजारच्या कोअरशी गप्पा छाटत बसत नाही, आणि त्याचा पायही दुखत नाही. मग?

या दहा मिनिटांचा चोर आपल्याला पकडायचा आहे. त्यासाठी थोडं संगणकाच्या पोटात शिरावं लागेल आणि थोडं पोलादपूरच्या भातखाचरात. पायातल्या चपला बाहेर काढून ठेवा.

महाडच्या बाजारपेठेतल्या कुठल्याही मोबाइलच्या दुकानात जा. काचेखाली मांडलेल्या बहुतेक फोनांत अँड्रॉइडच असतं. अँड्रॉइड ही ऑपरेटिंग सिस्टीम. तुमचं बोट पडद्यावर कुठे टेकलं ते ओळखायचं, बॅटरी संपत आली की कुरकुर करायची, गाणं आणि गेम दोन्ही चालू असतील तर कुणाला कधी पाळी द्यायची ते ठरवायचं, हा सगळा कारभार तिच्याकडे. आणि तिच्या गाभ्यात बसलेलं असतं लिनक्स नावाचं कर्नेल.

हे लिनक्स १९९१ साली फिनलंडमधल्या हेलसिंकी शहरात लिनस टोरवाल्ड्स नावाच्या एका विद्यार्थ्याने लिहायला घेतलं. वय २१. त्याच्याजवळ ३८६ जातीचा एक संगणक होता, मेमरी फक्त ४ एमबी. आज मोबाइलवर काढलेला एखादा फोटोही त्यात मावणार नाही. लिनक्सच्या पहिल्या आवृत्तीत साधारण १० हजार ओळी होत्या. पुढे जगभरच्या हजारो लोकांनी त्यात भर घातली आणि २०२५ साल उजाडलं तेव्हा ओळींची संख्या ४ कोटींच्या पुढे गेली.

४ कोटी म्हणजे किती, ते असं बघा. तुम्ही दर सेकंदाला एक ओळ वाचताय, जेवायला उठत नाही, झोपत नाही, शाळेला दांडी. तरी वाचून व्हायला ४६३ दिवस लागतील. यंदाच्या गुढीपाडव्याला सुरुवात केली तर पुढच्या वर्षीचा पाडवा उलटून पाऊसही सुरू झालेला असेल. तुम्ही तिथेच.

या ओळी बहुतेक सगळ्या सी नावाच्या भाषेत आहेत. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ती तयार केली. माणसाला शिकायला बरी, पण प्रोसेसरला सीमधलं एक अक्षर कळत नाही. त्याला कळतात नुसते आकडे, तेही शून्य आणि एक यांच्या माळांमध्ये गुंफलेले. म्हणून सीमधल्या ओळींचं प्रोसेसरच्या आकड्यांमध्ये रूपांतर करावं लागतं. हे करतो तो कंपायलर, आणि करणं म्हणजे कंपाइल करणं. संगणकाला हे काम शिकवता येईल, असं ज्यांना फार लवकर सुचलं त्यांच्यात अमेरिकेच्या नौदलातल्या ग्रेस हॉपर यांचं नाव येतं. त्यांचा ए-० हा संगणकाचा कार्यक्रम, म्हणजे प्रोग्राम, १९५२ सालचा. त्याआधी माणसंच डोकं धरून आकडे लिहीत बसायची.

इथे एक खोडकर प्रश्न विचारता येतो. कंपायलर हाही शेवटी एक कार्यक्रमच ना? मग त्याला कोण कंपाइल करतं? उत्तर ऐकून हसाल: दुसरा कंपायलर. लिनक्ससाठी नेहमी वापरला जाणारा जीसीसी हा कंपायलर तर तीनदा बांधला जातो. आधी संगणकावरचा जुना कंपायलर नव्याला बांधतो. मग तो नवा स्वतःलाच पुन्हा बांधतो. मग हा दुसरा नवा तिसऱ्यांदा स्वतःला बांधतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या खेपेचा माल तंतोतंत सारखा निघाला तर सगळं ठीक. फरक निघाला तर कुठेतरी पाणी मुरतंय.

बरं, चोर राहिला बाजूला. चला खाचरात.

लिनक्सचा कोड ६० हजारांहून जास्त फाइलींमध्ये विभागलेला आहे. त्यातली सीमधली एकेक फाइल कंपाइल करताना शेजारच्या फाइलीची वाट बघावी लागत नाही. म्हणजे एका कोअरने एक फाइल घ्यावी, दुसऱ्याने दुसरी घ्यावी, झाली की पुढची उचलावी. पोलादपूर तालुक्यातल्या मुलांनी हे जुलैत दर वर्षी पाहिलंय. चिखल केलेल्या खाचरात बायका ओळीने उभ्या राहतात, हातात रोपांची मूठ, आणि लावत लावत मागे सरकतात. चार जणी असतील तर खाचर संपायला दिवस जाईल. आठ जणी आल्या तर दुपारच्या जेवणापर्यंत आटपेल. कामगार दुप्पट, वेळ निम्मा. आपलं वहीतलं गणित इथे अगदी बरोबर चालतं.

पण जरा मागे जा. ती रोपं आली कुठून?

एप्रिल-मेमध्ये राब भाजला. जूनच्या सुरुवातीला त्यावर भात पेरलं. मग थांबले सगळे. रोप लावणीजोगं व्हायला साधारण तीन आठवडे लागतात. ते तुम्ही चार जणांनी वाट बघितलीत तरी तीन आठवडे, आणि सगळा तालुका बांधावर आणून बसवलात तरी तीन आठवडेच. रोप काही ‘आज गर्दी बरी आहे’ म्हणून लवकर वाढत नाही.

सापडला चोर? लावणी वाटून घेता येते, राबाची वाट बघणं वाटून घेता येत नाही. कंपाइल करतानाही असंच होतं. सुरुवातीला काय काय बांधायचं त्याची यादी ठरवावी लागते. इतर सगळ्या फाइलींना लागणाऱ्या काही फाइली आधी तयार कराव्या लागतात. त्या होईपर्यंत बरेचसे कोअर रिकामे. शेवटी याहून मोठी अडवणूक. हजारो फाइलींमधून तयार झालेले तुकडे एकत्र जोडून एक सलग कर्नेल करायचं असतं, त्याला लिंक करणं म्हणतात. शेवटचा तुकडा हातात आल्याशिवाय ते पुरं होत नाही आणि त्यात ७२ जणांना हात घालायला फारसा वावही नसतो. मोठ्या संगणकावर हे बघायला मजा येते. सगळे कोअर धडाधड काम करत असतात, आणि शेवटी एकटाच कोअर घाम गाळतोय, बाकीचे बघतायत.

हे गणितात मांडलं ते जीन अ‍ॅमडाल यांनी, १९६७ साली. अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यातला हा माणूस लहानपणी शेतावरच वाढला होता. पुढे आयबीएम कंपनीत त्याने मोठमोठे संगणक घडवले. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: काम किती भरभर होईल, हे शेवटी त्या कामातला न वाटता येणारा भाग ठरवतो. संगणकशास्त्रात याला अ‍ॅमडालचा नियम म्हणतात.

चला, आता या नियमाने आपला चोर मोजूया. बीजगणित येत नसेल तरी चालेल, अंदाज घेत घेत जाऊ.

समजा, अँड्रॉइड बांधताना न वाटता येणारं काम ५ मिनिटांचं आहे. मग ६ कोअरवाल्या संगणकाच्या ३६० मिनिटांतली ३५५ मिनिटं वाटता येणाऱ्या कामाची. ७२ कोअर म्हणजे बारापट, म्हणून ३५५ भागिले १२, साडेएकोणतीसच्या थोडं वर. त्यात न वाटलेली ५ मिळवा. आले साडेचौतीस. आपल्याला हवेत ४०. म्हणजे साडेपाच कमी पडले. आता ११ धरून बघा. ३६० मधून ११ गेले, राहिले ३४९. भागिले १२, आले २९. त्यात ११ मिळवले, झाले ४०!

म्हणजे तीनशे साठातली जेमतेम ११ मिनिटं अशी आहेत की जी कुणालाच वाटून देता येत नाहीत. ६ कोअरवर ती दिसतसुद्धा नाहीत, सहा तासांत अकरा मिनिटं कोण मोजतंय? पण ७२ कोअरवर बाकीचं काम आटून २९ मिनिटांवर आलं आणि ही ११ तशीच उभी राहिली. आणि पुढे जा. १००० कोअर लावा. वाटता येणारं काम जेमतेम २ मिनिटांत उरकेल, तरी एकूण १३ मिनिटं लागतील. एक लाख कोअर आणलेत तरी ११च्या खाली काही जाता येणार नाही. उलट दिशेने गेलात तर एकट्या कोअरला हे काम करायला ३५ तास लागतील.

हा हिशेब कच्चा आहे, हे सांगून ठेवतो. मोठ्या संगणकातला एकेक कोअर कधीकधी लहान संगणकातल्या कोअरपेक्षा धिमा असतो. डिस्कचा वेग वेगळा असतो. शिवाय सगळे कोअर एकाच मेमरीतून माल उचलतात, त्यामुळे तिथे दाटी होते. अर्ध्या गुंठ्याच्या खाचरात पन्नास जणी उतरवल्या तर एकमेकींच्या पायावर पाय देतील, तसं. दर कोअरच्या कामाला थोडी मेमरीही लागते. चार जीबी मेमरीच्या संगणकाला एकदम सोळा फाइली चालू करायला सांगितल्या तर तो मेमरीतला पसारा डिस्कवर टाकत आणि उचलत बसतो, आणि कामगार वाढवूनही काम रेंगाळतं. अँड्रॉइड बांधायला ६४ जीबी मेमरी आणि ४०० जीबी रिकामी डिस्क लागते, ते उगाच नाही.

ही वाटणी करतो कोण? त्या मुकादमाचं नाव मेक. बेल लॅब्जमध्येच स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली तो लिहिला, आणि त्यामागची हकिगत मला फार आवडते. त्यांचा सहकारी स्टीव्ह जॉन्सन एक दिवस वैतागून त्यांच्या खोलीत शिरला. त्याने एक चूक दुरुस्त केली होती, तरी कार्यक्रम चुकतच होता. सगळी सकाळ त्याने चूक शोधण्यात घालवली. शेवटी कळलं की दुरुस्त केलेली फाइल पुन्हा कंपाइल करायचीच राहून गेली होती! बरोबर कार्यक्रमातली चूक शोधत तो बसला होता. तेव्हा फेल्डमन यांनी असा कार्यक्रम लिहिला की जो प्रत्येक फाइलीची वेळ बघतो. सीची फाइल तिच्यातून बनलेल्या तुकड्यापेक्षा नवी असेल तर पुन्हा कंपाइल कर, नसेल तर हात लावू नकोस. एवढी साधी युक्ती, आणि पन्नास वर्षं होत आली तरी लिनक्स अजून मेकच्याच देखरेखीखाली बांधलं जातं. मेकला ‘जे’ असं सांगून पुढे आकडा दिला, की तेवढी कामं तो एकदम चालू करतो.

पोलादपूरकडच्या मुलांच्या मनात एव्हाना एक प्रश्न आला असेल. मध्येच लाइट गेली तर? आंबेनळी घाटाकडून ढग उतरले की लाइट कधी जाईल सांगता येत नाही. तर मेकच्या याच युक्तीमुळे फार बिघडत नाही. लाइट आल्यावर पुन्हा मेक चालवा. ज्या फाइली होऊन गेल्यात त्या तो सोडून देतो आणि राहिलेल्या हातात घेतो. धोका एकच. लाइट गेली त्या क्षणी जे तुकडे लिहिले जात होते ते अर्धवट राहिलेले असू शकतात, आणि वेळ नवी दिसल्यामुळे मेकला ते पूर्ण झालेलेच वाटतात. अशा वेळी सगळं पुसून पहिल्यापासून बांधावं, हे उत्तम. आणि शर्यत लावली असेल तर अशी खेप मोजायचीच नाही.

हो, शर्यत! जगभरच्या संगणकवाल्यांना ही शर्यत लावायची फार हौस. नवा संगणक आणला की त्यावर लिनक्सचं कर्नेल बांधायचं आणि घड्याळ लावायचं. यात प्रोसेसर, मेमरी, डिस्क सगळ्यांचाच कस लागतो, म्हणून परीक्षा म्हणून ती चांगली. २००२ साली मार्टिन ब्लाय याने १६ प्रोसेसरच्या संगणकावर २३ सेकंदांत कर्नेल बांधून दाखवलं. त्याच वर्षी अँटन ब्लँचर्डने ३२ प्रोसेसर लावून ते ७.५२ सेकंदांत बांधलं आणि आपल्याला या खेळाचं व्यसन लागलंय अशी थट्टाही केली.

थांबा. १६चे ३२ म्हणजे दुप्पट. वेळ निम्मा व्हायला हवा, साडेअकरा सेकंद. साडेसात कसे आले? अ‍ॅमडालचा नियम मोडला की काय?

नियम शाबूत आहे, तुलनाच सरळ नव्हती. ब्लायचे प्रोसेसर इंटेलचे, ब्लँचर्डचे आयबीएमचे आणि कितीतरी दणकट. शिवाय ब्लँचर्डने आधीच्या २४ प्रोसेसरना आणखी ८ जोडले, तेव्हा मेमरीचा हिशेब ठेवणारा कर्नेलमधला भागही नव्याने लिहिला होता. नुसते आकडे शेजारी शेजारी ठेवले तर हे काही कळत नाही.

आणखी एक. २००१ सालच्या लिनक्समध्ये साधारण ३४ लाख ओळी होत्या. आज ४ कोटी. आज कुणी मोठ्या सर्व्हरवर अर्ध्या मिनिटात कर्नेल बांधलं, तर तो ब्लँचर्डच्या चौपट हळू आहे असं म्हणाल का? खाचर केवढं होतं ते आधी विचारा. शिवाय चार कोटी ओळी दर वेळी सगळ्या कंपाइल होतच नाहीत. लिनक्समधला निम्म्याहून मोठा भाग निरनिराळ्या यंत्रांसाठी लिहिलेला असतो, उदाहरणार्थ कुठल्या तरी वायफायच्या चिपसाठी. आपल्याला कोणते भाग हवेत त्याची एक यादी असते. छोटी यादी घेतली तर चार कोअरचा साधा लॅपटॉपही पाव-अर्ध्या तासात मोकळा होतो. सगळंच्या सगळं मागितलं तर काही तास. तेव्हा आवृत्ती तीच, यादी तीच आणि कंपायलरही तोच, हे ठरल्याशिवाय घड्याळाला हात लावू नये. माझ्या मते संगणकांच्या निम्म्या शर्यती इथेच खोट्या ठरतात. लिनस टोरवाल्ड्सने २०२० साली नवा ३२ कोअरचा संगणक घेतला, तेव्हा त्याने आपल्या नेहमीच्या चाचणीचं काम आता तिप्पट वेगाने होतं, एवढंच सांगितलं. संगणक तेवढा बदलला, काम तेच, माणूस तोच. अशी तुलना मला पटते.

हेलसिंकीत लिनस एकट्या प्रोसेसरशी झटत होता, त्याच १९९१ साली आपल्याकडे काय चाललं होतं माहीत आहे? महाडहून वरंध घाट चढून भोरवरून गेलं की पुणं. तिथे सी-डॅक या संस्थेत परम ८००० हा भारताचा सुपरकॉम्प्युटर तयार झाला. अमेरिकेने आपल्याला क्रे कंपनीचा सुपरकॉम्प्युटर द्यायला नकार दिला होता. मग १९८८ साली सी-डॅक सुरू झाली. तिचे प्रमुख होते डॉ. विजय भटकर, अकोला जिल्ह्यातल्या मुरांबा गावचे. क्रेसारखा एकच महाबलाढ्य प्रोसेसर बनवण्याच्या मागे न लागता त्यांच्या गटाने लहान लहान ६४ प्रोसेसर एकमेकांना जोडले आणि काम वाटून दिलं. हवामानाच्या गणितासारखी कामं अशी वाटून घेता येतात, कारण प्रत्येक प्रोसेसरला नकाशाचा एकेक चौकोन देता येतो. पुढे परमचं मोठं घराणं झालं. त्यातला परम सिद्धी हा संगणक नोव्हेंबर २०२० मध्ये जगातल्या पहिल्या ५०० सुपरकॉम्प्युटरांच्या यादीत ६३वा होता. आणि नोव्हेंबर २०१७ पासून त्या यादीतला एकूणएक संगणक लिनक्सवर चालतो. हेलसिंकीतल्या त्या पोराचं कर्नेल अखेर पुण्याच्या परमच्याही पोटात जाऊन बसलं.

आता तुमची पाळी. शर्यत लावायला सुपरकॉम्प्युटर नको. शाळेच्या संगणक कक्षातले दोन संगणक पुरतात, पण गुरुजींना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. महाडहून मुंबईच्या रस्त्याने निघालात की माणगाव तालुक्यात लोणेरे लागतं. तिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, कायद्याने १९८९ साली स्थापन झालेलं. तुमच्या गावचा एखादा दादा किंवा ताई तिथे संगणक शिकत असेल तर त्यांना गाठा, हे काम त्यांच्या हातचं आहे. कर्नेलचा कोड फुकट मिळतो, दाबून बांधलेली फाइल दीडशे एमबीच्या आसपास असते.

पहिली खेप मोजू नका. त्या वेळी सगळ्या फाइली डिस्कवरून उचलाव्या लागतात. दुसऱ्या खेपेला बऱ्याच मेमरीतच सापडतात, म्हणून वेळ कमी येतो. दोन्ही संगणकांच्या दुसऱ्या खेपा घ्या. महाडच्या मे महिन्यातल्या दुपारी लॅपटॉप मांडीवर घेऊन तर मुळीच मोजू नका. प्रोसेसर फार तापला की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. हवेशीर टेबलावर ठेवा, शक्यतो सकाळी.

मेकच्या आधी ‘टाइम’ असं लिहिलं की शेवटी तीन आकडे दिसतात. त्यातला ‘रिअल’ म्हणजे भिंतीवरच्या घड्याळात गेलेला वेळ. ‘युझर’ बघून मात्र चक्रावाल. घड्याळात १० मिनिटं गेली आणि इथे ७० मिनिटं लिहिलेली! ती आहे सगळ्या कोअरांची मिळून हजेरी. दहा जणींनी एक दिवस लावणी केली तर मजुरी दहा दिवसांची द्यावी लागते, तेच इथे. तिसरा आकडा ‘सिस’, फाइली उघडणं-मिटणं वगैरे ऑपरेटिंग सिस्टीमच्या स्वतःच्या कामाचा. तो लहानच असतो.

एकच संगणक घेऊन आधी मेकला एकच काम एकदम करायला सांगा, मग दोन, मग चार, मग आठ. दर खेपेआधी जुने तुकडे पुसायला विसरू नका, नाहीतर मेक म्हणेल काम झालेलंच आहे, आणि दोन मिनिटांत संपलं म्हणून तुम्ही उड्या माराल. प्रत्येक खेपेचा ‘रिअल’ आलेखाच्या कागदावर मांडा. आधी रेषा सरळ खाली पडेल आणि मग हळूहळू आडवी व्हायला लागेल. ती जिथे आडवी होते तिथे तुमच्या संगणकाचा राब आहे. आकडे, संगणकाचं नाव आणि कोअरची संख्या लिहून आमच्याकडे पाठवा. महाडचा संगणक आणि पोलादपूरचा संगणक शेजारी शेजारी छापू, पण आवृत्ती आणि यादी एकच असेल तरच.

आणि संगणक मिळाला नाही तर हे वहीत करा. अँड्रॉइडचं तेच काम, न वाटता येणारी तीच ११ मिनिटं, पण कोअर १४४. किती वेळ लागेल? २० मिनिटं म्हणालात तर पुन्हा करून बघा. बरोबर उत्तर साडेपंचवीस मिनिटं.